मशरूमच्या कॅप्सूल

दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या औषधवाल्याचं नाव मला ठाऊक नाही. गिऱ्हाईक बोलत असताना तो खाली बघून नुसतं ‘जी, जी’ म्हणतो. ऐकतोय की नाही, कळत नाही.

बाबा हल्ली विसरायला लागलेत, म्हणून मी स्मरणशक्तीसाठी मशरूमच्या कॅप्सूल मागितल्या. त्याने डबी काढली, पण हातातच धरून ठेवली.

“बाबूजी के लिए?”

“हां.”

“वो तो खून पतला करने की गोली लेते हैं. पहले डॉक्टर से पूछ लीजिए.”

एरवी दवाखान्यातून मिळणारी ती गोळी मी त्याच्याकडून एकदाच घेतली होती, तीही दोन वर्षांपूर्वी. मी डबी न घेताच बाहेर आलो.

डॉक्टर फोनवर म्हणाले, “अजिबात देऊ नका. त्या गोळीबरोबर रक्तस्राव होऊ शकतो.”

रोज सकाळी ती गोळी बाबांच्या तळहातावर मीच ठेवतो, आणि मला हे सुचलं नव्हतं.