भादरलेलं डोकं

"आधी डोकं भादरून आण. केसांत टाके पडत नाहीत."

दवाखान्याच्या दाराआडून कंपाउंडर म्हणाला. मी आणि आई बाहेर पायरीवर. आत जायची आम्हाला बंदी. स्वराज्य आलं होतं म्हणे, पण ते महारवाड्यापर्यंत पोचलं नव्हतं.

चुलीसाठी मी माडाखाली पडलेली सुकी झाप उचलली, म्हणून नारळवाडीच्या मालकानं चिऱ्याचा तुकडा फेकून मारला होता. टाळू फाटली. रक्त कानामागून गळ्यात उतरत होतं. आईचा पदर मी दोन्ही हातांनी जखमेवर दाबून धरलेला. हात काढला की मेले, एवढंच कळत होतं.

न्हावी समोरच वडाखाली बसायचा. आईनं लांबूनच त्याच्या विनवण्या केल्या. माणूस वाईट नव्हता. पण वस्तरा पेटीत टाकून, मान खाली घालून म्हणाला, "तुमच्या डोक्याला वस्तरा लावला, तर उद्या माझ्यापुढं कोण बसंल, बाय?"

आमचे केस आमचीच माणसं कापायची. वस्तरा मामाकडे, आणि मामा मिठागरावर. तो संध्याकाळी आला, तोवर दवाखाना बंद झालेला. आईनं मला मांडीत दाबून धरलं. गार पातं जखमेच्या कडेला टेकलं आणि मी गुरासारखी ओरडले. रात्रभर डोळा लागला नाही. झोपले तर रक्त वाहून जाईल, ही भीती.

सकाळी पुन्हा पायरीवर. कंपाउंडरनं लांबूनच वाकून बघितलं. "कडा सुकल्या. आता टाके बसायचे नाहीत. कालच यायचं."

कालच यायचं! मग काल काय आम्ही जत्रेला आलो होतो?

त्यानं पट्टीची गुंडाळी फेकली. ती पायरीवरून उलगडत मातीत गेली. आई उचलायला वाकली.

"आये, उचलू नको."

माझाच आवाज होता. भीतीनं परकर ओला झाला होता. तशीच उंबरा ओलांडून आत गेले आणि बाकड्यावर बसले. कंपाउंडर भिंतीला चिकटला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि चाटच पडले. मेला मला घाबरत होता. पोरीच्या भादरलेल्या डोक्याला!

म्हटलं, "बांधा. बांधल्याबिगर मी उठनार न्हाय."

बांधली त्यानं. आम्ही बाहेर पडलो, तेव्हा मागं बाकड्यावर बादली ओतल्याचा आवाज आला.

टाके पडले असते तर नुसती रेघ राहिली असती. उघडी जखम पावसाळाभर चिघळली, आणि दोन बोटं रुंद वण राहिला. त्यावर केस उगवले नाहीत, उगवणारही नाहीत. झाकून ठेव, लग्न जमायचं नाही, असं सगळी सांगायची. मी झाकला नाही.

दवाखान्याचा वास आला की आजही हात टाळूवर जातो. जाऊ दे. आमच्या वाड्यातलं कुणाचंही डोकं फुटलं, की त्याला धरून मी सरळ आत नेते. भादरायचं त्यांनी, टाके घालायचे त्यांनी, आणि तेही त्याच दिवशी. तोवर मी जागची हलत नाही.