दुरुस्तीवाल्याच्या खणातल्या डिस्क

बत्तीस वर्षं प्रसूतिगृहात काढून निवृत्त झाल्या, तरी गल्लीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम अंगावर घेतलं होतं. अडलेल्या बाळंतपणांच्या नोंदी वह्यांमधून कॉम्प्युटरवर उतरवायच्या. मूल आडवं होतं तेव्हा काय केलं, रक्त थांबेना तेव्हा कुणाचं काय चुकलं, सगळं खरंखरं, नव्या नर्सेससाठी. एका बोटाने टाइप करत चार वर्षांत दोनशे अकरा नोंदी झाल्या. उतरवून झालेली वही त्या रद्दीत देऊन टाकत.

मग कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडायच्या आधीच निदान केलं, "मेमरी फुल झालीय, मॅडम. बदलावी लागेल."

चार दिवसांनी मशीन परत आलं. पळत होतं वाऱ्यासारखं, पण आत कोरं करकरीत.

"माझ्या नोंदी?"

"मेमरी बदलली ना! जुनीत होतं ते तिच्याबरोबर गेलं. या वयात कशाला एवढा व्याप?"

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार काय? मेमरी म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. ओठावर आलेलं गिळून त्या घरी आल्या, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

धाकटी जाऊ कॉम्प्युटर जोडायच्या कारखान्यात कामाला होती. तिने ऐकलं आणि थेट स्क्रू ड्रायव्हरच काढला. जेवणाच्या टेबलावर मशीन उघडं पडलं.

"ताई, हा मदरबोर्ड. सगळे भाग यालाच जोडलेले. पंख्याखाली प्रोसेसर, खरं काम तोच करतो. ही पट्टी म्हणजे रॅम. काम चालू असताना हाताशी लागेल तेवढंच यात राहतं, वीज गेली की पुसलं जातं. आणि ही डिस्क. मशीन बंद करा, वर्षभर ठेवा, यातलं जात नाही."

"म्हणजे रॅम ही माझी ड्रेसिंगची ट्रॉली, आणि डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूम?"

"अगदी!"

"मग त्याने बदललं काय?"

जावेने रॅमची पट्टी उपसली. तिच्यावर धुळीचा थर होता. "हिला कुणी हातही लावलेला नाही. त्याने डिस्क बदलली. जुनीवरच्या नोंदी नवीवर उतरवायला फार तर तासभर लागला असता."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत सिस्टर दारात उभ्या होत्या.

"मेमरी बदललीस, ती कुठली? रॅम की डिस्क?"

दुरुस्तीवाला चपापला. "अहो, सगळे मेमरीच म्हणतात. बोलायची पद्धत असते."

"पद्धत? बाळंतिणीच्या नवऱ्याला मी 'पोटातलं काहीतरी काढलं' एवढंच सांगून घरी गेले असते, तर चाललं असतं? माझी डिस्क आण."

त्याने निमूटपणे खण ओढला. आत नऊ डिस्क होत्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, तिच्यावर गिऱ्हाइकाचा फोन नंबर.

"या बाकीच्या?"

"कुणी परत मागायलाच आलं नाही."

"कसं येईल? तूच सांगितलंस ना, गेलं म्हणून!"

जावेने घरी केबल लावून पाहिलं. दोनशे अकराच्या दोनशे अकरा नोंदी शाबूत. जावेने टाळी वाजवली, पण सिस्टरांचा जीव थाऱ्यावर येईना. त्या आठ जणांनी कायकाय गेलं म्हणून सोडून दिलं असेल?

दुपारी त्या पुन्हा दुकानात गेल्या, स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "लाव फोन. एकेकाला. माझ्यासमोर."

तो फोन लावत गेला. पाच जण लागले. पाचवा फोन एका बाईने उचलला, डिस्क सापडल्याचं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "वडिलांचा आवाज होता त्यात. तो पण आहे का हो?"

दुरुस्तीवाल्याने मान खाली घातली. "बघून सांगतो," एवढंच तो पुटपुटला.

"बघून नाही," सिस्टर कडाडल्या, "आत्ता बघ. ती फोनवर थांबलीय."