इंद्रजीतच्या पाठीवरचा डबा

वाघोलीतल्या फ्लॅटचा ताबा दिवाळीपर्यंत मिळेल असं बिल्डर सांगत असे. कोणत्या दिवाळीपर्यंत, हे त्याने कधी सांगितलं नाही. भाड्याच्या घराचा करार संपला तेव्हा शेफाली आणि इंद्रजीतने त्यावर असा तोडगा काढला, की नवीन घर मिळेपर्यंत घरच नको. नाशिककडच्या डोंगरांत सुरुवात करायची आणि सह्याद्रीच्या माथ्यावरून चालत चालत गोव्याच्या हद्दीपर्यंत जायचं. दोघांनी बिनपगारी रजा काढली. फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एक अवाढव्य सोफा बिबवेवाडीला शेफालीच्या आईकडे आणून ठेवला आणि आता आपल्याकडे फारसं काही सामान नाही, म्हणून ती दोघं फार खूश झाली.

शेफालीची आई कल्याणी. बी.कॉम. झाल्यावर तिने एका पतसंस्थेत निवृत्तीपर्यंत नोकरी केली, पण तो जोडधंदा होता. तिचा खरा व्यवसाय काळजी. त्यातून निवृत्ती नव्हती आणि रजाही नव्हती. शेफाली लहानपणी शाळेच्या सहलीला सिंहगडावर गेली, तरी कल्याणी बस परत येईपर्यंत जेवत नसे. आता तीच मुलगी लग्नाला वर्ष होतं न होतं तोच नवऱ्याबरोबर रानात झोपायला निघाली होती. बरोबरीच्या मुली बालीला जातात, हे कल्याणीने सुचवून पाहिलं. तिचे यजमान गोपाळकृष्ण मात्र मोहिमेच्या बाजूने होते. सोफा त्यांना आवडला होता.

निघण्याआधी इंद्रजीतने कल्याणीच्याच स्वयंपाकघरातला वजनकाटा ताब्यात घेतला. लांबच्या चालीत पाठीवरचं ओझं हाच खरा शत्रू, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्याने टीशर्टांची लेबलं कापली, टॉवेलचा अर्धा तुकडा केला आणि टूथब्रशची दांडी करवतीने छाटली.

"दात सगळे नेणार आहात, की निवडून?" गोपाळकृष्णांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

दोघांत मिळून चमचाही एकच ठेवला होता. हे सगळं कल्याणी पाहत होती. मार्केट यार्डातल्या भुसाराच्या दुकानातून डिंक आणि खारीक तिने आधीच आणून ठेवली होती. वजनं उरकली, बॅगा बांधल्या आणि इंद्रजीत आंघोळीला गेला, तेवढ्यात तिने डिंकाच्या लाडवांनी भरलेला स्टीलचा डबा शेफालीच्या बॅगेत तळाशी घातला. जाड पत्र्याचा, कडीचा डबा. झाकणावर कोरलं होतं, 'चि. सौ. कां. कल्याणी हिस, मामांकडून'. निरोप देताना ती लेकीच्या कानात एवढंच म्हणाली, "डबा परत आणायचा हं. माझ्या लग्नातला आहे."

तिला डब्याचं काही पडलं नव्हतं. डबा परत यायचा तर कोणालातरी तो घेऊन यावं लागतं, एवढाच तिचा हिशोब होता.

मग फोन सुरू झाले. रेंज मिळाली की शेफाली एखाद्या टेकाडावरून बोलायची आणि वारा मध्ये मध्ये तिचे शब्द खाऊन टाकायचा. तरीही हळूहळू त्यांचा दिनक्रम कल्याणीला पाठ झाला. उजाडायच्या आत इंद्रजीत उठतो आणि मुठीएवढ्याशा स्टोव्हवर दुधाच्या पावडरीचा चहा करतो. चहा पोटात गेल्याशिवाय शेफाली बोलत नाही, आणि इंद्रजीतला तेव्हाच सगळं बोलायचं असतं. तंबू गुंडाळायचा, आदल्या दिवशी धुतलेले मोजे बॅगेला बाहेरून लटकवायचे आणि चालू लागायचं. दुपारी सावली शोधून पाय पसरायचे. संध्याकाळी एखादी वाडी गाठून देवळाच्या ओसरीवर किंवा शाळेच्या पडवीत राहू द्याल का, म्हणून विचारायचं. लोक राहू द्यायचे, पण चालताय कशाला, हे त्यांना समजत नसे. नवस आहे का, एसटी चुकली का, घरच्यांनी बाहेर काढलंय का, असे तीन प्रश्न प्रत्येक वाडीत ठरलेले. फ्लॅटचं सांगितलं, तर शेवटचा प्रश्न पुन्हा यायचा, जरा हळू आवाजात.

पुण्यात दोन वेगवेगळ्या लॅपटॉपसमोर दोन वेगवेगळ्या वेळी जेवणारी ही दोघं आता एका चमच्यावरून रोज भांडत होती. खिचडी शिजली की आधी कोणी खायचं? शेफालीचं खाणं सावकाश, आणि इंद्रजीत समोर बसून तिच्या घासांवर नजर ठेवणार. शेवटी तिने करवंदीच्या फांदीचा चमचा कोरायला घेतला. तो कधी पुरा झालाच नाही. दोन चमचे झाले तर भांडायचं कशावरून, असं ती हसत म्हणाली, आणि कल्याणीला त्या हसण्याचीही काळजी वाटली.

डब्याची भानगड मात्र इंद्रजीतने स्वप्नातही पाहिली नव्हती. लाडू संपत आले तेव्हा शेफालीने उरलेले डब्यासकट एका घरी दिले. त्या घराने दोघांना भाकरी घातली होती. सकाळी बाईने डबा घासून परत दिला, पण रिकामा कोण देतं? त्यात नाचणीचं पीठ होतं. पीठ पुढच्या वाडीत दिलं, तर त्या घरातून कुळीथ आले. कुळथाचे पोहे झाले, पोह्यांची सुकी करवंदं झाली. टूथब्रशची दांडी कापणारा माणूस अर्धा सह्याद्री मामांनी दिलेला स्टीलचा डबा पाठीवर घेऊन चालला, कारण शेफालीने तो उचलायचं साफ नाकारलं होतं. वजन हा शत्रू असं तुझंच म्हणणं आहे ना, मग लढ. त्याने एकदा डबा देवळात विसरून पाहिला. एक म्हातारा धापा टाकत टेकडी चढून तो देऊन गेला, वर दोन काकड्याही घालून.

"आज डब्यात काय?" कल्याणी फोनवर आधी हेच विचारू लागली. तिचं तिलाच नवल वाटायचं.

आणि मग एका फोनवर शेफाली सहज बोलून गेली की कड्यावरच्या वाटेवर ती घसरली, दंडाला खरचटलंय, काही विशेष नाही. पुढच्याच वाक्यात तिने सांगितलं की आणखी दोन वाड्यांनंतर मोठं जंगल लागणार आहे. तिथे वस्ती नाही, रेंज नाही, त्यामुळे काही दिवस फोन येणार नाही. कल्याणीने फोन ठेवला आणि ठरवूनच टाकलं. जावयाला अडवायचा आपल्याला अधिकार नाही. त्याला गोव्यापर्यंत जायचं तर खुशाल जावं. मुलगी जंगलात शिरायच्या आत घरी आणायची.

त्यासाठी तिने पुन्हा डिंक आणला. तिच्याकडचा दुसरा, मोठा डबा भरून लाडू केले. रिकाम्या हाताने कसं जायचं? गोपाळकृष्णांना सोफ्यावरून उठवलं. स्वारगेटहून भोरची एसटी, तिथून पुढे दिवसातून एकदा जाणारी गाडी, अशा उड्या मारत दोघं घाटमाथ्यावर, जंगलाअलीकडच्या वाडीत पोचली.

शेफाली एका अंगणात बसून मोजे वाळत घालत होती. काळवंडली होती, वाळली होती आणि आईला पाहून इतकी मनापासून हसली की कल्याणी पाठ केलेलं निम्मं भाषण विसरली. इंद्रजीतने वाकून नमस्कार केला आणि उठताना मोठ्या डब्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

घर यमुनाबाईंचं होतं. साठीच्या, हडकुळ्या, सतत काहीतरी करत असलेल्या बाई. त्यांनी पाहुण्यांना चहा दिला आणि पुन्हा ओट्यावर बसून कल्याणीच्याच लग्नातल्या डब्यात एक एक जिन्नस रचू लागल्या. बाळंतशेपा, सुंठ, जुन्या लुगड्याचं एक मऊ टोपडं. त्यांची लेक चंपा डोंगराच्या धारेपलीकडे, जंगलाच्या तोंडाशी, रेंज नसलेल्या वाडीत दिलेली. दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच झालं होतं. गाडीरस्त्याने वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस मोडतो, घरी गुरं, आणि धार चढायला यमुनाबाईंचे गुडघे तयार नाहीत. ही दोघं पायी पलीकडे निघाली आहेत म्हटल्यावर त्यांनी आपणहून डबा मागून घेतला होता.

कल्याणीने हे सगळं ऐकलं. तरी आलो त्या कामाचं बोलणं भाग होतं. तिने शेफालीला बाजूला घेतलं, पण अंगण लहान होतं.

"बॅग भर. डबा घे. आपण आज घरी जातोय."

शेफाली चिडली नाही, हेच वाईट झालं. "डबा तुझाच आहे," ती म्हणाली. "यमुनाकाकूंकडून तूच काढून घे."

यमुनाबाई डब्याच्या कडीला चिंधी बांधत होत्या. कडी वाटेत उघडू नये म्हणून एक गाठ, तिच्यावर दुसरी. कल्याणी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिच्या तोंडून निघालं, "जावई नेतील हो डबा. पोचवतील व्यवस्थित."

यमुनाबाईंनी वर पाहिलं. "बाळंतिणीच्या खोलीत परका गडी कसा जाईल? तुमची लेक आत जाईल, चंपीला बघंल, प्वार मांडीवर घेईल, मंग मला फोनवर सांगंल. त्यो हाय की वझं उचलायला." आणि थोडं थांबून, तिसरी गाठ मारत म्हणाल्या, "तुम्हाला तर रोजच फोन येत आसंल."

कल्याणीला म्हणायचं होतं की उद्यापासून येणार नाही, म्हणून तर मी इथे आलेय. त्याऐवजी लेकीच्या दंडावरची खपली तिने एकदा पाहून घेतली. बोटाने दाबूनही पाहिली.

"अगं," गोपाळकृष्ण मागून म्हणाले, "बाळंतिणीला डिंकाचे लाडू चालतात ना?"

चालतात काय, तिच्यासाठीच असतात. कल्याणीने मोठा डबा यमुनाबाईंपुढे सरकवला. हे पण चंपासाठी, असं म्हणाली. यमुनाबाईंनी त्यालाही चिंधी बांधली.

तासाभराने दोघं धारेच्या वाटेला लागली. पुढे शेफाली, काठी टेकत, मागे वळून हात हलवत. मागे इंद्रजीत, लेबलं कापलेल्या टीशर्टात, पाठीवर दोन स्टीलचे डबे. ते प्रत्येक पावलाला एकमेकांवर आपटत होते. दोघं झाडीत दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ तो आवाज येत होता. कल्याणी तो ऐकू येईनासा होईपर्यंत अंगणातून हलली नाही. गोपाळकृष्णांनी परतीची गाडी चुकेल, असं दोनदा सांगितलं, मग तेही यमुनाबाईंच्या ओट्यावर बसून राहिले.

पुढचे दिवस कल्याणीने कसे काढले, ते सोफ्यालाच माहीत. फोन आला नाही. येणार नाही हे माहीत होतं, तरीही ती आंघोळीला जाताना फोन मोरीच्या उंबऱ्यावर ठेवायची.

शेवटी आवाज आला तेव्हा ती मार्केट यार्डात डिंक निवडत होती. शेफालीने रेकॉर्ड करून ठेवलेला निरोप रेंज मिळाल्यावर पाठवला होता. त्यात बोलत होती चंपा. काकू, लाडू लई ग्वाड झाल्यात, आईचं टोपडं प्वाराला बरोब्बर बसलं. डबं रिकामं कसं धाडू, म्हणून दोन्हींत तांदूळ भरून दिलाय. मागे बाळ रडत होतं. त्याच्याही मागून इंद्रजीतचा थकलेला आवाज आला, "आई, एक विनंती. पुढच्या वेळी प्लास्टिकचा डबा द्या."

कल्याणीने तो निरोप दुकानातच पुन्हा ऐकला. मग फोन तोंडाजवळ धरून शांतपणे म्हणाली, "प्लास्टिकचे डबे लोक परत आणत नाहीत."