कोचचा प्रश्न

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे धडका आणि पाडापाडी. माझ्या मुलाच्या, नीलच्या, शाळेतले कोच एकेकाळचे नावाजलेले व्यावसायिक खेळाडू. निवृत्तीनंतर वर्षानुवर्षं मुलांना शिकवणारे. तरी माझा त्यांच्यावर विश्वास बसेना. पोरांची नावं न घेता ते प्रत्येकाला नुसतं 'चॅम्प' म्हणत.

काल सरावात नीलचं डोकं जमिनीवर आपटलं. मी धावत गेले. कोच त्याच्याजवळ गुडघे टेकून, तो भानावर आहे का ते तपासत होते.

"आज वार कोणता?"

"गुरुवार."

त्यांनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "बरोबर सांगितलं ना?"

"हो."

"तरी आज खेळ बंद. डॉक्टरांना दाखवा."

गाडीत नील रुसून बसला होता. मी मात्र गाडी सुरू न करता मैदानावरच्या कोचकडे पाहत राहिले. वार त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हता, आणि पोरांची नावंही बहुधा आठवत नसावीत. इतकी वर्षं डोक्यावर धडका खाल्लेल्या ह्या माणसाला तेव्हा कुणी कधी असं घरी पाठवलं होतं का?