स्पॅममध्ये पडलेली निमंत्रणं

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मराठी नाटकमंडळींत अरुंधतीताईंचा शब्द शेवटचा. मूळच्या सांगलीच्या, नोकरी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, आणि दर वसंतात एक नाटक बसवायचंच हा नेम. यंदा त्यांनी निमंत्रणं पाठवायला नवी मेलसेवा घेतली, सगळ्यांना मेल धाडले आणि वाट बघत बसल्या. कुणाचंच उत्तर येईना.

"अहो, मागच्या वर्षी मी तालमीत फार ओरडले. लोक दुखावलेत," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"ओरडतेस तर दर वर्षी," यशवंतराव म्हणाले. त्यावर त्या आणखीच हिरमुसल्या.

मग एकदा बसमध्ये वैभवी दिसली. नाटकातली हुकमी नायिका, एरवी सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. ताईंना पाहून तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. न राहवून त्यांनी विचारलंच, "काय गं, रागावलीस माझ्यावर?"

"मी? यंदा तुम्हीच मला नाटकात घेतलं नाहीत."

"अगं, मेल पाठवला की."

वैभवीने फोनवर स्पॅमचा कप्पा उघडला. लॉटरी आणि वजन घटवायच्या गोळ्या यांच्यामध्ये निमंत्रण पडलं होतं. दोघी इतक्या हसल्या की ड्रायव्हरने आरशातून पुन्हा पुन्हा पाहिलं.

रविवारी वैभवी लॅपटॉप घेऊन घरी आली. पोहे खाता खाता तिने मेलचा तपशील तपासला. "मंडळाच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं, ते डोमेनवर, म्हणजे मंडळाच्या इंटरनेट पत्त्याच्या नोंदींत, एसपीएफच्या ओळीत लिहायचं असतं. तुम्ही जुनी ओळ तशीच ठेवून नव्या सेवेसाठी दुसरी लिहिलीत. अशी एकच ओळ चालते, दोन झाल्या की दोन्ही बाद."

ताईंनी दोन्हींची एक ओळ केली. थोडं थांबून मेल पाठवला, तरी स्पॅममध्येच. आता त्या हट्टाला पेटल्या. मेलवर डिजिटल सही असते, ती पडताळायची किल्लीही, म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ, डोमेनवर ठेवावी लागते. ती त्यांनी मेलसेवेच्या पानावरच्या किल्लीशी अक्षर अक्षर ताडून पाहिली.

"आल्झो, हिचं शेपूटच राहिलंय," त्या 'अस्सं तर' या अर्थाचा जर्मन शब्द वापरून म्हणाल्या. चिकटवताना शेवटचा तुकडा गळला होता. किल्ली पुरी केली, चहा झाला, पुन्हा मेल पाठवला. या खेपेला तो थेट इनबॉक्समध्ये.

सगळी निमंत्रणं नव्याने गेली आणि उत्तरांची रीघ लागली. पहिल्या तालमीला एवढे जण आले की खुर्च्या कमी पडल्या, आणि तीन पात्रांच्या नाटकात ताईंना बसल्या जागी एक शेजारीण आणि एक आगाऊ पाहुणा वाढवावा लागला.