ओल्या रुमालातली बाटली

मित्रहो, आज सकाळी नायगावला माझ्या बायकोच्या, सुमनच्या, मानेतल्या गाठीत दुसऱ्यांदा सुई घातली. मागच्या वेळी डॉक्टरांनी नमुना काचेवर पसरला, पण त्यात रक्तच फार. कॅन्सर आहे की नाही, ते कळलंच नाही. या वेळी पेशी औषधी पाण्याच्या बाटलीत सोडल्या आणि बाटली नांदेडच्या लॅबला न्यायला माझ्याकडे दिली.

उन्हानं नासेल म्हणून मी ती ओल्या रुमालात गुंडाळली. एसटीभर चौथीतली कविता गुणगुणत मांडीवर धरून बसलो.

"मला कधी एवढं जपून आणलं न्हाई," सुमन म्हणाली.

लॅबमधल्या ताईंनी रुमाल सोडला. पाण्यानं बाटलीवरचं नाव पुसलं होतं! बिननावाचा नमुना त्या घेत नाहीत. सुमनचा हात मानेकडं गेला.

ताईंनी झाकणावरचा छापील नंबर डॉक्टरांनी सोबत दिलेल्या कागदाशी ताडून पाहिला. जुळला.

"काका, या पाण्यात पेशी गार न ठेवताही कित्येक दिवस टिकतात. मशीन रक्त बाजूला काढून त्यांचा पातळ थर काचेवर लावतं."

"म्हंजे पुन्हा सुई न्हाई?" सुमननं विचारलं.

"बहुतेक नाही, काकू."

रिपोर्ट शुक्रवारी आहे. परतीच्या एसटीत सुमन माझ्या खांद्यावर झोपली, पंधरा दिवसांत पहिल्यांदाच. मी मात्र जागा होतो. तुम्ही असे दिवस कसे काढलेत, सांगाल का?