बाहेरून लावलेलं कुलूप

दहशतीच्या त्या वर्षांत चंडीगडच्या आमच्या जिन्यात एक रीत पडली होती. घरातला पुरुष ड्यूटीवर गेला की बायकामुलं आत बसायची आणि शेजारीण बाहेरून कुलूप घालून किल्ली आपल्याकडे ठेवायची. घरात कोणी नाही असं दिसलं की बंदूकवाले पुढे जातील, हा त्यामागचा हिशेब. पुढच्या दारातल्यांनी काय करायचं, हे कोणी विचारत नसे. भीतीला कसलं आलंय शास्त्र!

नवरा इस्पितळात डॉक्टर. आमची किल्ली समोरच्या शेजारणीकडे असायची. त्या दिवशी ती किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये टाकून मनीमाजऱ्याला बहिणीकडे गेली, दुपारी कर्फ्यू लागला आणि ती तिकडेच अडकली. इकडे माझ्या चार वर्षांच्या मुलीचा ताप चढत गेला आणि तिला फिट आली. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली.

इस्पितळात फोन केला. नवऱ्याने लगेच अॅम्ब्युलन्स पाठवली. ड्रायव्हर धावत वर आला, पण आमच्या लाकडी दाराबाहेर लोखंडी जाळीचं दार होतं. बोटसुद्धा शिरणार नाही अशी बारीक जाळी, मीच हट्टाने करून घेतलेली. त्याने जॅकच्या दांड्याने घावावर घाव घातले. कोयंडा वाकला, कुलूप ढिम्म. पोरगी जरा निवली आणि पुन्हा आचके देऊ लागली. मी जाळीला कपाळ लावून "काहीतरी करा हो" म्हणून मराठीतच ओरडत होते. त्या बिचाऱ्याला काय कळणार?

आणि मला रविवार आठवले. नवऱ्याला नि त्याच्या दोन मित्रांना किल्लीशिवाय कुलपं उघडायचा नाद होता. चहा मी करायची, आणि वाद ऐकायची. मध्यंतरी त्यांना एका कुलपात खोट सापडली होती. एक मित्र म्हणाला, लोकांना उघड सांगायला हवं. नवरा उसळला, "या दिवसांत? माकडाच्या हाती कोलीत द्यायचं?" मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "ज्याच्या दाराला ते कुलूप आहे त्याला तरी सांगा." तो हसला. "एकाला सांगितलं की दहांना कळतं. झाकली मूठ सव्वा लाखाची." कुठलं कुलूप, ते मलाही सांगितलं नाही.

मी पुन्हा फोन लावला. "कुलूप तुटत नाही. तुम्ही कसं उघडता ते सांगा."

नवरा विचारतो, "तिथे कोण कोण आहे?"

"अख्खा जिना आहे!"

"आधी सगळ्यांना खाली पाठव."

माझं डोकंच फिरलं. "अहो, पोर निळी पडतेय! तुमची झाकली मूठ घाला चुलीत. बोला!"

तो बोलला. फोनची वायर दारापर्यंत पोचत नव्हती. मी एक वाक्य ऐकायची, धावत दाराशी यायची, हिंदीत ओरडायची, पुन्हा पळायची. बाहेर खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या सरदारीणबाईंनी, आमच्या बीजींनी, अंबाड्यातला आकडा काढला होता. त्यांचे ओठ 'वाहेगुरू' म्हणत होते. मला वाटलं, आता अर्धा तास जाणार, माझी लेक जाणार. आणि कुलूप उघडलं. शेंग सोलावी इतकं सहज.

मुलगी वाचली. तिने सलाईन लावलेल्या हाताने माझा पदर धरला तेव्हा मी इस्पितळात हमसून हमसून रडले.

कर्फ्यू सैल झाल्यावर आम्ही तिघं घरी आलो. जिन्यात बीजी बसल्या होत्या, मांडीवर दोन कुलपं. एक आमचं, एक त्यांचं. दोन्ही सारखी. सगळ्याच दारांना तेच कुलूप होतं. कुलपांचा शौकीन डॉक्टर जे लावतो ते पक्कं असणार, म्हणून आमचं बघून सगळ्यांनी तेच आणलं होतं. आणि याच कुलपातली ती खोट कळल्यावरही नवऱ्याने आमचं बदललं नव्हतं. बदललं असतं तर लोकांनी विचारलं असतं, का बदललं?

बीजींनी आधी मुलीच्या गालावरून हात फिरवला. मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "डाक्टर साब, आपको कब से पता था?"

तो माझ्याकडे वळला, पण मी त्याच्या मदतीला गेले नाही. शेवटी म्हणाला, "जी, पिछली सर्दियों से."

बीजींनी दोन्ही कुलपं त्याच्या हातात ठेवली.

"मैं तो पुत्तर, रोज़ इसी के भरोसे बहू और दोनों पोतियों को अंदर बंद करती रही," त्या म्हणाल्या आणि कठडा धरून खाली उतरल्या.